ओल्या कोपऱ्यातली अर्थिंग

भुजंगमामांनी चौतीस वर्षं लाईनमन म्हणून खांबावर काढली. भूत, करणी, लागीर असलं कुणी काही काढलं की ते आधी त्याची अक्कल काढायचे. पोरं मुद्दाम विचारायची, मामा, मसणवट्यातल्या खांबावर चढताना भ्या वाटायचं का? तर म्हणायचे, "मेलेल्याला काय भ्यायचं? मेलेला आकडा टाकत न्हाई, साहेबाला फोन करत न्हाई. जित्यानंच मला छळलं."

असा माणूस. म्हणून त्यांनी सांगितलं ते मी खरं धरते. ज्याला धरायचं नसेल त्यानं इथंच थांबावं, मला काही फरक पडत नाही.

उन्हाळ्यात एका रात्री आमच्या गल्लीची लाईट गेली. सगळे गच्चीवर आलो. भाचेपुतणे मामांना चिकटून बसले आणि एकानं नेहमीचा प्रश्न केला. मामा या वेळी हसले नाहीत. तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, माझ्यावर न्हाई, माझ्या शिवशंकरवर गुदरलं. लाईट असती तर त्यांनी तोंड उघडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

शिवशंकर हा मामांचा शागीर्द. लातुरात घरांच्या वायरिंगची कामं करतो. हात साफ, तोंड कमी. २०२३ चा डिसेंबर संपत आला होता तेव्हा त्याला रेणापूर रोडवरच्या नव्या प्लॉटिंगमधून फोन आला. सुकन्या नावाची बाई होती. म्हणाली, आमच्या घरी बटण दाबलं तर घंटी कधी वाजते, कधी वाजत नाही, येऊन बघा. शिवशंकरला वाटलं, एखादी वायर ढिली असेल, तासाभराचं काम. पेटी घेऊन गाडीवर बसला आणि गेला.

घर दुमजली, नवं. खालच्या खोलीत तिचा नवरा पडलेला. रुद्रेश. वय असेल छत्तीस-सदतीस. हा स्वतः अशीच घरं जोडून द्यायचा. बटणावर दिवे, बटणावर पंखे, बटणावर पडदे, आणि त्यासाठी भिंत फोडायची नाही. बटण दाबलं की लाइटीच्या त्याच तारेतून एक बारीक निरोप पळतो आणि दुसऱ्या खोलीतल्या डबीला सांगतो, लाव, बंद कर, वाजव. स्वतःच्या घरी त्यानं हे हौसेनं बसवलं. पुढं एका रात्री त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. मान मोडली. मानेखालचं सगळं गेलं, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. हौसेनं बसवलेलं सगळं आता त्या एका बोटावर आलं.

गळ्याला भोक पाडलं होतं, त्यामुळं आवाज म्हणजे नुसती फुंकर. बोलून दिवे लावायचं यंत्र आणून बघितलं, त्याला तो आवाज कळेना. आणि सुकन्याला तो रात्री खोलीत झोपू द्यायचा नाही. "मी काय मढं हाय, रातभर राखण करायला?" ती भांडली, तर हा दोन दिवस जेवला नाही. मग ती वरच्या खोलीत झोपायला लागली, पण घंटी उशाशी घेऊन. पंधरा दिवसांपूर्वी त्याची मान उशीवरून घसरली. बोट दाबून दाबून थकला. वर घंटी वाजलीच नाही. पहाटे ती खाली आली तेव्हा तो तसाच लटकलेला, डोळे उघडे.

म्हणजे ही नुसती घंटी नव्हती, हे शिवशंकरला कळलं. तासाभराचं काम चार दिवस चाललं.

आधी कळलं की खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या. खालचा निरोप वर जायचा तर बाहेरच्या डीपीपर्यंत हिंडून यायचा, वाटेतच मरायचा. त्यानं मेन बोर्डात दोन फेजना जोडणारी एक डबी बसवली, निरोपाला ओलांडायला पूल. फरक पडला, पण पुरा नाही. मग मामांनी फोनवर त्याला जुनी युक्ती सांगितली. ट्रान्झिस्टर घे, स्टेशन सोडून मधेच काटा ठेव, आन् एकेका प्लगापाशी धर. जिथं घरघर वाढंल तिथं चोर हाय. चोर सापडला रुद्रेशच्याच पलंगाखाली. हवेच्या गादीचा पंप. त्याच्या घरघरीत निरोप बुडून जायचा. पंपाला फिल्टर लावला. पण फिल्टर हा कचरा टाकणार कुठं? जमिनीत. आणि घराची अर्थिंग मेलेली. बिल्डरनं मुरमात एक लोखंडी पट्टी खुपसून दिली होती.

"आधी मातीत धड जागा बघ," मामा म्हणाले होते. "ओल बघ." हे सांगताना मामा गच्चीवर तंबाखू थुंकून आले. माझ्याच तोंडचे शब्द हायत ते, म्हणाले.

लातूरची जमीन आणि ओल. शिवशंकर प्लॉटभर फिरला. मागच्या कंपाउंडच्या आतल्या कोपऱ्यात त्याला ओली जागा सापडली. जवळ नळ नाही, मोरी नाही, तरी माती काळी, गार. वर मिठासारखी पांढरी पापडी. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालावाच लागतो, इथं तर मीठ आयतं. त्याला बरं वाटलं. तांब्याचा सहा फुटी दांडा उभा धरून घण घातला. वाफ्यात खुरपं जावं तसा दांडा गेला. चार फुटांवर जरा अडला. त्यानं एक घाव जोरात घातला, तसा तो पुढं सरकला. खाली पोकळ असावं तसा.

तार जोडली. घरघर बंद. रुद्रेश त्याला म्हणाला, वर घंटीपाशी उभा राहा, मी शंभर वेळा दाबतो, मोज. शंभर वेळा दाबलं, शंभर वेळा वर घंटी वाजली. रुद्रेश हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता. सुकन्यानं त्या दिवशी शिवशंकरच्या चहात दोनदा साखर घातली आणि तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजून पन्नास मिनिटांनी घंटी वाजली. तीनदा. थोडं थांबून परत तीनदा. सुकन्या धावत खाली आली. रुद्रेश झोपलेला. तिनं हलवून विचारलं. तो म्हणाला, मी दाबलं न्हाई.

पुढच्या रात्री तेच. दोन पन्नास. तीनदा, थांबून तीनदा.

शिवशंकर परत आला. त्याच्याकडं निरोप वाचायचं मीटर होतं. घरातल्या प्रत्येक बटणाला नंबर, कुठल्या बटणानं हाक मारली ते मीटरवर दिसतं. रात्रभर प्लगात ठेवून दिलं. सकाळी बघितलं तर दोन पन्नासचा निरोप लिहिलेला. नंबरची जागा कोरी. रुद्रेश म्हणाला, एकाच डीपीवर शेजारची घरं हायत, कुणाचं तरी बटण आपल्या घरात घुसायलंय, लाइटीच्या मीटरपाशी अडवायचा फिल्टर टाक. बरोबर बोलला. शिवशंकरनं टाकला. आता बाहेरचा निरोप आत येऊ शकत नव्हता.

रात्री दोन पन्नासला घंटी वाजली.

म्हणजे घरातूनच. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून... शिवशंकर संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन मागच्या कोपऱ्यात गेला. दांड्यापाशी धरला. काहीच नाही. घरघर नाही, खरखर सुद्धा नाही. रेडिओ मेल्यासारखा. तो उठणार, तेवढ्यात आतून आलं. टक. टक. टक. वाटी लोखंडावर आपटावी तसं.

इथं गच्चीवर एका पोरानं मला धरलं. आधी हेच कार्टं सगळ्यात मोठ्यानं हसत होतं.

शिवशंकरनं सुकन्याला सांगितलं, वैनी, दांडा उपटून दुसरीकडं ठोकतो. तिनं विचारलं, दुसरीकडं शंभरातल्या शंभर वाजतील का? त्याला हो म्हणता येईना. जमीन खडक. ती म्हणाली, मग हात लावू नका. खोटी वाजली तर मी दहा वेळा उतरीन. खरी वाजली न्हाई तर मी काय करू?

खरं सांगायचं तर तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

अकरा जानेवारीला, गुरुवारी, येळवस होती, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातुरात माणूस नसतं, सगळं शहर शेतात. सुकन्या घरीच. दुपारी मागच्या कंपाउंडच्या बाहेर एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात झाकलेली थाळी, कपाळाला विभूती. गौरम्मा तिचं नाव. ही सगळी प्लॉटिंग म्हणजे तिच्या सासरचं शेत होतं, मुलांनी विकलं. शेत गेलं, तरी दर येळवशीला ती या कोपऱ्यात भज्जी-आंबिलाचा नैवेद्य ठेवून जायची. मागच्या येळवशीला इथं कंपाउंड नव्हतं, घर बंद होतं, दोघं हैदराबादच्या दवाखान्यात होती. म्हणून सुकन्यानं तिला कधी बघितलं नव्हतं.

सुकन्यानं तिला आत घेतलं. म्हातारी कोपऱ्यापर्यंत गेली आणि दांडा बघून जागीच बसली.

"हे कुणी खुपसलं?"

सुकन्यानं सांगितलं. म्हातारीनं दांड्याभोवतीची माती बोटानं चाचपली. मग म्हणाली, आमच्या लिंगायतात मेल्यावर जाळत न्हाईत पोरी, मातीत बसवतात. मांडी घालून. सभोवार मीठ ओततात. माझे सासरे बसलेत इथं, बसलिंगप्पा. वर दगड होता, प्लॉट पाडताना बुलडोझरनं नेला. काढ हे.

सुकन्यानं तिचे पाय धरले. पण काढते म्हणाली नाही. खिडकीतून पलंग दाखवला, एक बोट दाखवलं. म्हणाली, आई, हे उपटलं तर याची हाक मला ऐकू येणार न्हाई.

हाक म्हटल्यावर गौरम्माचा चेहरा उतरला. थाळी तिथंच ठेवली आणि मागं न बघता गेली.

त्या रात्री सुकन्या जागी झाली. घंटीनं नाही. घंटी वाजली नाही म्हणून. रोज दोन पन्नासला उठायची सवय लागली होती. घड्याळात दोन चौपन्न. घर शांत. तिला आधी बरं वाटलं.

मग तिला ते बरं वाटेना.

खाली आली. रुद्रेशच्या गळ्यात कफ अडकलेला. ओठ निळे. डोळे बाहेर. बोट बटणावर. दाबत होता. दाबतच होता. वर काहीच वाजत नव्हतं. तिनं मशीन लावून कफ ओढला. दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा श्वास आला.

प्लगातलं मीटर नुसतं लुकलुकत होतं. एक निरोप, त्याच क्षणाला दुसरा. एका दारातून दोघं एकदम घुसले की दोघंही अडकतात, तसं झालं होतं. तारेत दोघं एकाच वेळी हाका मारत होते. म्हणून एकाचीही हाक पोचत नव्हती.

तिनं शिवशंकरला फोन केला. एवढंच म्हणाली, "काढा. आत्ताच्या आत्ता."

तो सव्वातीनला पोचला. अमावास्या. कोपऱ्यात थाळी तशीच, झाकलेली. त्यानं बॅटरी दातात धरली. दांडा दोन्ही हातांनी धरला. ओढला. हलेना. आठ-दहा दिवसांपूर्वी वाफ्यात गेल्यासारखा गेलेला दांडा. गुडघे रोवून परत ओढला. जरासा वर आला...

आणि खाली गेला.

त्यानं सोडलं नव्हतं. हात दांड्यावरच होते. हातासकट खाली गेला.

मग दांडा हलला. बारीक. तीनदा. थांबून तीनदा.

शिवशंकरनं पक्कड काढली, तार कापली, आणि पळाला. गाडी तिथंच. पेटी तिथंच. रेणापूर नाक्यापर्यंत चालत गेला आणि तिथून मामांना फोन लावला. मामा म्हणाले, नुसता श्वास ऐकू यायलता. मी हॅलो हॅलो करतोय... बोलेना.

सकाळी मामाच त्याला घेऊन तिथं गेले. बघतात तर गौरम्मा आधीच येऊन ओट्यावर बसलेली. रात्रभर झोपली नव्हती. सुकन्यानं तिला रात्रीचं सगळं सांगितलं, तीनदा, थांबून तीनदा, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर म्हातारी जे बोलली ते मामांनी स्वतः ऐकलं. मामांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आवाज खाली घेतला होता.

"सहा महिने पडून होते. बोलणं गेलतं. वाटीनं पलंगाचा लोखंडी गज वाजवायचे. पाणी पायजे असलं की तीनदा. त्या रात्री बी वाजवली. लई वेळ. नवरा बाजारगावी मुक्कामाला, मी एकटी. सुगी होती, दिसभर राबून आंग मोडलेलं. म्हणलं, वाजवू दे, वाजवून झोपतील. मला ऐकू येत होतं पोरी. मी जागी होते. उठले न्हाई."

पलंगावरून, खिडकीतून रुद्रेश तिच्याकडं बघत होता. त्याचं बोट हळूहळू चादरीवर आवळलं.

मामांनी शिवशंकरला कामाला लावलं. दांड्याला हात लावायचा नाही, आहे तिथं राहू दे. घराच्या पुढच्या बाजूला दिवसभर खणून, दोन पोती मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग केली. संध्याकाळी रुद्रेशनं शंभर वेळा दाबलं. सत्त्याण्णव वेळा वाजली. मामा म्हणाले, तीन माझ्या नावावर घाल. सुकन्या म्हणाली, कुणाच्या नावावर घालायला नकोत, आजपासून मी याच खोलीत झोपणार. रुद्रेशनं तोंड उघडलं. "तू गप," ती म्हणाली. "मढं असतास तर वर झोपले असते." तो गप बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

अंधार पडल्यावर गौरम्मानं घासलेला तांब्या काठोकाठ भरून घेतला. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. मामा मागच्या दारात उभे होते. म्हातारी कोपऱ्यात वाकली, तांब्या दांड्यापाशी ठेवला. पदर डोक्यावर घेतला आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. मामांना कानडी येत नाही, पण शेवटचा एक शब्द कळला. नीरू. पाणी.

त्या रात्री शिवशंकर आणि मामा दोघंही बाहेरच्या हॉलमध्ये पडून राहिले. सुकन्या रुद्रेशच्या पलंगालगत चटई टाकून. वरची घंटी तिनं खाली आणली आणि मधे ठेवली. गौरम्मा ओट्यावर बसून.

दोन पन्नास झाले.

काही नाही.

तीन वाजले. साडेतीन. मामांना झोप लागली. शिवशंकरला नाही. तो म्हणतो, घंटी वाजली नाही, मीटर लुकलुकलं नाही, दार वाजलं नाही. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. एवढंच, की चारच्या सुमाराला ट्रान्झिस्टर पेटीत असताना, बंद असताना, त्याला वाटलं की घरात कुणीतरी हळू घोट घेतंय. एक... थांबून एक... त्यानं कानावर पांघरूण ओढलं.

उजाडल्यावर सगळे मागं गेले. तांब्या तसाच होता. काठोकाठ भरलेला. पाण्यावर एक काडीसुद्धा पडली नव्हती. तो बघून गौरम्मा म्हणाली, माझ्या हातचं घेतलं न्हाई.

तेवढ्यात आतून सुकन्यानं मामांना हाक मारली. ओरडली नाही. नुसतं नाव घेतलं.

पलंगाशेजारच्या स्टुलावर रुद्रेशचा पाण्याचा कप. तो नळीनं पितो, कपाला ओठ लावणं त्याला जमत नाही. रात्री तिनं कप भरून ठेवला होता. आता रिकामा होता. नळी काढून नीट बाजूला ठेवलेली. कपाच्या काठावर काळ्या मातीची एक खूण, ओठाएवढी, ओली.

रुद्रेश झोपला होता. मामांनी वाकून बघितलं. त्याचे ओठ कोरडे होते.